दहा मिनिटं इंजिन बंद

४ मार्च, दुपार
जहाज अजून धक्क्यालाच

वहिनी,

नमस्कार लिहायचा की नुसतं वहिनी म्हणून सुरुवात करायची, इथेच पंधरा मिनिटं गेली. अकरा वर्षं बोललो नाही, सवय मोडली आहे. नमस्कार धरून चाला.

तुमच्या लेकीने पाकीट आणून दिलं, तेव्हा मला वाटलं घराच्या कागदपत्रांपैकी काही असेल. ती दारातच म्हणाली, "काका, आईने दिलंय. मला काही विचारू नका, मला काही माहीत नाही." आत निमंत्रण. दादाचं जहाज युद्धात जिथे बुडालं, त्या जागी बुडालेल्यांच्या नातेवाइकांना न्यायचं आणि तिथे स्मरणसभा घ्यायची. तुमच्या नावाने आलेलं. तुमचं नाव एका रेघेत खोडून वर माझं लिहिलेलं, तुमच्याच अक्षरात. बाकी एक शब्द नाही. जा म्हणून नाही, जाऊ नका म्हणूनही नाही.

तर आलोय. घरात बसून कंटाळलो होतो हे अर्धं कारण. गुडघे बोलतात, डावा कान कधीचाच गेलाय, रेडिओ मोठ्याने लावतो म्हणून शेजारी भिंत ठोकतात. बत्तीस वर्षं जहाजांवर काढली, पण प्रवासी म्हणून ही पहिलीच खेप. आमची जागा कायम पाण्याच्या पातळीखाली, इंजिनाला तेलपाणी करत, हातात चिंधी घेऊन. इथे खोलीला खिडकी आहे. पलंगावर टॉवेलची घडी घालून कुणीतरी बदक करून ठेवलंय. ते मोडायचं जिवावर आलं म्हणून मी घरून आणलेला टॉवेलच वापरतोय.

खोलीत दोघे आहोत. दुसरा निवृत्त शिंपी आहे, पण नजर निवृत्त झालेली नाही. आल्या आल्या माझ्या कोटाची बाही धरून म्हणाला, "ही उसवलीय. काढा, देतो टाका घालून." त्याचा थोरला भाऊ दादाच्याच जहाजावर होता, बॉयलरवर. मी म्हटलं, माझा भाऊ स्वयंपाकी होता. तो म्हणाला, "म्हणजे तुमच्या भावाने माझ्या भावाला जेवू घातलं." हे मला एकेचाळीस वर्षांत सुचलं नव्हतं.

एकूण सत्तरेक माणसं आहेत. बहुतेक आपल्या वयाची, काही पुढची. शिडी चढायलाच तास लागला, कारण प्रत्येकाचा एक तरी गुडघा संपावर होता.

टपाल परतीच्या बंदरातच टाकता येईल असं म्हणतात. तेव्हा जे लिहीन ते एकदमच मिळेल. वाचा किंवा वाचू नका.


५ मार्च, सकाळ, नाश्ता झाल्यावर

वहिनी,

झोप चांगली लागली म्हणणार होतो, पण लागली नाही. शिंपी घोरतो, ते काही नाही, माझा चांगला कान उशीत दाबला की झालं. पण इंजिन कानाने ऐकू येत नाही, पायातून येतं. ह्या जहाजाचं इंजिन निरोगी आहे. एवढं निरोगी की त्रास होतो. आमच्या वाफेच्या इंजिनाचं सारखं काहीतरी दुखायचं, आणि त्यामुळे आम्हाला सारखं काम असायचं.

काल जेवताना शिंप्याने विचारलं, तुम्ही त्या वेळी कुठे होतात. मी सांगितलं, त्याच ताफ्यात. सात मालवाहू जहाजं आणि राखणीला दोन युद्धनौका. दादाचं जहाज तिसरं, माझं चौथं. तो घास हातात तसाच धरून बसला. म्हणाला, "म्हणजे ते थांबलेलं जहाज तुमचं?" आणि खिशातून कार्यक्रमाचा कागद काढून दाखवला. त्यात छापलंय, की मागून येणाऱ्या जहाजाने स्वतःच्या जिवाची पर्वा न करता तासभर थांबून माणसांचा शोध घेतला.

मी हो म्हटलं. छापलेलंच होतं.

मग ते टेबलाटेबलावरून फिरलं. एक जण येऊन हात हातात घेऊन गेला. दुसऱ्याने स्वतःची खीर माझ्यापुढे सरकवली. आणि आज सकाळी चहाच्या वेळी मास्तरीणबाई आल्या. त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत, चार पायांची काठी पुढे टाकत चालतात. शाळेत भूगोल शिकवायच्या. त्यांचा मुलगा दादाच्या जहाजावर डेकवर होता, एकोणीस वर्षांचा, पहिलीच सफर. त्यांनी खुर्ची माझ्या चांगल्या कानाच्या बाजूला ओढून घेतली. माझा तो कान चांगला हे त्यांनी कसं ओळखलं कोण जाणे, मास्तरकी मुरलेली असणार.

"होड्या सोडल्यात?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"हाका मारत होतात?"

"मारत होतो."

"नावं घेऊन?"

"मी दादाचं घेत होतो. बाकीच्यांची ठाऊक नव्हती."

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "माझ्या पोराला हाक ऐकू गेली असेल तरी पुष्कळ झालं. त्याचं नाव नसलं म्हणून काय." आणि माझ्या हातावर दोनदा थोपटलं.

वहिनी, तुम्हाला मी त्या वेळी एक होडी सांगितली होती असं मला वाटतं. इथे दोन सांगितल्या गेल्या. इतक्या वर्षांनी माणसाच्या लक्षात राहत नाही. इंजिनखोलीतल्या माणसाला वरचं नीट दिसतही नाही म्हणा.

कोटाची बाही शिवून झाली. टाका इतका बारीक आहे की उसवलं कुठे होतं ते सापडत नाही.


६ मार्च, दुपार

वहिनी,

आज ह्या सगळ्याची व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी बोलावून घेतलं. चष्मा डोक्यावर, चष्मा गळ्यात, आणि तिसरा शोधतायत. मला म्हणाल्या, उद्या सभेत तुम्ही चार शब्द बोला. एवढं सगळं छापलंय आणि माणूस प्रत्यक्ष जहाजावर आहे, तर लोकांना तुमच्या तोंडून ऐकायला आवडेल. मी विचारलं, हे तासभर थांबल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं? त्यांनी फाईल उघडून पत्र पुढे केलं.

तुमचं पत्र.

मी ते बसून वाचलं. पाचच ओळी आहेत. "माझे पती जहाजावर स्वयंपाकी होते. माझे दीर मागच्या जहाजावर होते. त्यांचं जहाज तासभर थांबलं आणि सगळ्यांना शोधलं, असं ते सांगतात. प्रकृतीमुळे मला येता येणार नाही, माझ्याऐवजी ते येतील. बाकीचं त्यांच्याकडूनच ऐकावं."

असं ते सांगतात. हे दोन-तीन शब्द छापताना बाईंनी गाळले. मला मात्र तेवढेच दिसले.

आणि तुमची प्रकृती ठणठणीत आहे, लेकीनेच सांगितलंय. रोज दोन जिने चढता.

म्हणजे तुम्ही मला इथे पाठवलंत. मी येणार हे तुम्ही, निमंत्रण माझ्या हाती पडायच्या आधीच, लिहूनही मोकळ्या झाला होतात. मला खूप राग आला. दुपारी जेवलो नाही. डेकवर फेऱ्या मारल्या, गुडघ्याची पर्वा न करता, आणि मनातल्या मनात तुमच्याशी भांडलो. अकरा वर्षांपूर्वी दारात भांडलो होतो तसाच. भांडणातलं माझं बोलणंही तेच होतं, नवीन काही सुचलं नाही.

त्या दिवशी तुम्ही वर्तमानपत्र हातात घेऊन दार उघडलं होतंत. त्यात लेख होता, की दादाचं जहाज बुडालं तेव्हा ताफ्यातल्या एकाही जहाजाने वेग कमी केला नाही. तुम्ही आत या म्हटलं नाहीत. एवढंच विचारलंत, "भावजी, जहाज थांबलं होतं का?" आणि मी तुमच्यावर ओरडलो. माझ्यावर विश्वास नाही का, मेलेल्या माणसाबद्दल असं विचारवतं कसं, भावासाठी मी काय केलं ते मला माहीत. जिन्यात शेजारी जमा झाले. मी निघून गेलो आणि परत आलो नाही. खरं तर तुम्ही आवाजही चढवला नव्हतात.

तर उत्तर देतो. नाही. थांबलं नव्हतं. एक तास नाही, एक मिनिट नाही. होडी सोडली नाही, ना एक ना दोन. दादाला कुणी हाक मारली नाही. ताफ्याचा नियम होता, की कुणावर हल्ला झाला तरी बाकीच्यांनी पुढे जात राहायचं. मागे मासेमारीच्या बोटीने अकरा माणसं उचलली ती दुसऱ्या दिवशी. दादा त्यांत नव्हता.

मी घरी आलो तेव्हा तुम्हाला सातवा महिना होता. तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात आणि विचारलंत, "शोधलंत ना?" मी हो म्हटलं. मग किती वेळ ते विचारलंत, म्हणून तास आला. मग कसं ते विचारलंत, म्हणून होडी आली. एवढंच झालं. तुमची अवस्था बघून बोललो.

उद्या काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही. मास्तरीणबाई पहिल्या रांगेत बसणार आहेत, त्यांची खुर्ची आजच ठेवलीय.


७ मार्च, दुपार

वहिनी,

झालं एकदाचं.

ते जहाज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी फुटलं होतं, म्हणून सभाही त्याच वेळेला. कार्यक्रमात ओळ होती, "दहा मिनिटं इंजिन बंद." लोकांना वाटलं दहा-वीसला बटण दाबतील आणि जहाज उभं राहील. तसं होत नाही. एवढं जहाज इंजिन बंद केल्यावरही आपल्या वेगाने कितीतरी पुढे जात राहतं. पावणेदहालाच माझ्या तळव्यांना कळलं, की खाली कमी करत आणलंय. मग थरथर पार गेली. बत्तीस वर्षांत भर समुद्रात अशी शांतता मी फक्त बिघाडातच अनुभवली आहे, आणि त्या वेळी आम्ही धावत असायचो. आज सत्तर माणसं खुर्च्यांवर बसून होती आणि कुणीही धावत नव्हतं. मला उठून खाली जावंसं वाटत होतं.

कप्तानाने नावं वाचली. एकेचाळीस. दादाचं तेविसावं. मला वाटलं होतं रडू येईल, पण तो नाव बरोबर उच्चारतो की नाही एवढ्याकडेच माझं लक्ष होतं. बरोबर उच्चारलं. मग प्रत्येकाला एक कागदाचं फूल दिलं, समुद्रात दुसरं काही टाकायची परवानगी नाही. मी दोन मागून घेतली, एक तुमच्या वतीने. फुलं लांब जातील असं सगळ्यांना वाटलं असावं, पण वारा उलटा होता. ती येऊन जहाजाच्या अंगाला चिकटली आणि भिजून खाली गेली.

मग मला पुढे बोलावलं. बाईंनी टाईप करून दिलेला कागद हातात होता. मी तो घडी करून खिशात ठेवला आणि म्हणालो, "कार्यक्रमात छापलंय ते खरं नाही. आमचं जहाज थांबलं नव्हतं. मी घरी खोटं सांगितलं होतं आणि तेच इथपर्यंत आलं. कुणीच थांबलं नाही."

बाईंचा हात माईककडे आला आणि मध्येच राहिला. मी शिव्यांची तयारी करून उभा होतो. कुणीतरी अंगावर येईल असंही वाटत होतं, शिंप्याच्या हाताची मला धास्ती होती. पण मागून एक जुने नौसैनिक उभे राहिले आणि म्हणाले, "ताफ्यात थांबायचं नाही असाच हुकूम असतो. थांबले असते तर तेही गेले असते." लोकांनी माना हलवल्या. एक बाई म्हणाली, "बिचाऱ्याने इतकी वर्षं मनात ठेवलं." शिंप्याने पाण्याचा पेला आणून दिला. वहिनी, माणसं इतक्या लवकर माफ करतात हे मला ठाऊक नव्हतं. एकेचाळीस वर्षं ज्याला घाबरलो ते पाच मिनिटांत आटोपलं.

इंजिन पुन्हा सुरू झालं, लोक चहाला पांगले. मास्तरीणबाई खुर्चीतच होत्या. मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, माफ करा, हाका मारल्याचंही खोटं होतं.

"हो, ते आलंच त्यात," त्या म्हणाल्या. "हुकूम होता, तुम्ही तरी काय करणार. मला एवढंच सांगा. थांबू या, असं कुणी म्हणालं तरी का? एखाद्याने तरी?"

मी म्हणालो, "नाही."

त्यांनी मान खाली घातली आणि काठी जवळ ओढली.


७ मार्च, चहानंतर

वहिनी,

वरचं पत्र बंद करून चहाला गेलो होतो. चहा तसाच टेबलावर ठेवून परत आलोय. शिंपी बाहेर पत्ते खेळतोय, तोवर लिहून टाकतो, नाही तर पुन्हा कधी लिहायचा नाही.

मास्तरीणबाईंना मी जे नाही म्हणालो, ते खोटं आहे. थांबू या असं एक जण म्हणाला होता. आमच्या तेव्हाच्या जहाजाचा कप्तान.

नीट सांगतो. इंजिनखोलीत कप्तानाचा हुकूम येतो तो एका पितळी तबकडीवर. वर त्याने काटा फिरवला की खाली काटा फिरतो आणि घंटा वाजते. पूर्ण वेग, अर्धा वेग, थांबा, असं तबकडीवर लिहिलेलं असतं. खालच्या माणसाने आपला काटा त्याच जागी नेऊन उलट घंटा द्यायची, म्हणजे वर कळतं की हुकूम ऐकला. मग इंजिनाची वाफ कमीजास्त करणारं चाक फिरवून हुकूम पाळायचा. घंटेला उत्तर आणि चाक, ही दोन वेगळी कामं आहेत. पण ती वेगळी आहेत हे आमच्यातल्या कुणाच्या मनातही येत नाही, कारण एकामागून दुसरं आपोआप होतं.

त्या सकाळी चाक इंजिनियरच्या हातात होतं. दणका बसला. पाण्यातून तो असा येतो, की आपणच फुटलो असं वाटतं. इंजिनियर बॉयलरकडे पळाला, मला ओरडून म्हणाला, "चाक धर." मी धरलं. कोणाचं जहाज गेलं मला माहीत नव्हतं. आदल्या दिवशी ताफ्यातला क्रम बदलला होता आणि दादाचं जहाज शेवटी आहे अशीच माझी समजूत होती. मग घंटा वाजली. थांबा.

मी उत्तर दिलं. काटा फिरवला, घंटा दिली, समोरच्या घड्याळात बघून वहीत वेळही लिहिली, दहा-बावीस. आणि चाक फिरवलं नाही.

विसरलो नाही. ऐकलं नाही असंही नाही. मला भीती वाटली. थांबलेलं जहाज म्हणजे पाणबुडीला पुढचं आयतं निशाण, आणि ते फुटलं तर आधी खालचे मरतात, शिडीपर्यंतही पोचत नाहीत. हे आम्ही रोज बोलायचो, हसत. माझे दोन्ही हात चाकावर होते आणि मी ते बंद करायचं सोडून उघडंच धरून ठेवलं होतं. दोन मिनिटं. मग वरून पुन्हा घंटा आली, पूर्ण वेग. युद्धनौकेने दटावलं असणार. मी उत्तर दिलं. आता काही करायचं नव्हतंच, वेग पूर्णच होता.

वर गेलो ते तासाभराने. तिथे कळलं की दादाचं जहाज होतं, आणि आम्ही त्याच्या माणसांजवळून, हाकेच्या अंतरावरून गेलो. डेकवरच्यांनी बुडणाऱ्यांना धरायला तरंगती कडी फेकली होती. एक जण रडत सांगत होता, की वेग एवढा होता की कडी मागे पडत गेली, कुणाच्याच हाताला लागली नाहीत. कप्तान वेग का कमी झाला नाही ते विचारायला कधी खाली आला नाही. त्याला वाटलं असेल, एवढ्या मोठ्या जहाजाचा वेग दोन मिनिटांत उतरलेला कळत नाही. वहीत तर सगळं बरोबर होतं.

दोन मिनिटांत जहाज थांबलं नसतंच. हे गणित मी हजार वेळा मांडलंय आणि उत्तर दर वेळी तेच येतं. थोडं हळू झालं असतं, एवढंच. पण हळू झालं असतं तर कडी जवळ पडली असती. एखादं कुणाच्या हाती लागलं असतं. आणि नसतं लागलं, तरी पाण्यातल्या माणसांनी बघितलं असतं की हे जहाज आपल्यासाठी हळू होतंय. दादाने बघितलं असतं. त्याला पोहता चांगलं यायचं, तो लगेच गेला नसणार. त्याने आमचं जहाज ओळखलं असणार. आत मी आहे हे त्याला ठाऊक होतं.

म्हणून तास आला, वहिनी. तुमच्या सातव्या महिन्यामुळे नाही. दोन मिनिटं झाकायला तास लागला. आज सभेत जे बोललो तेही झाकणंच होतं. कुणीच थांबलं नाही म्हटलं की मी सगळ्यांत मिसळून जातो. आणि त्या म्हाताऱ्या बाईने मागितलं होतं तेवढं एकच खरं माझ्याजवळ द्यायला होतं, ते मी दिलं नाही, कारण ते दिलं असतं तर मागोमाग माझं चाक आलं असतं.

फार थकलोय. शिंप्याचा आवाज येतोय, थांबतो.


८ मार्च, सकाळ
बंदर दिसतंय

वहिनी,

नाश्त्याला मास्तरीणबाई एकट्याच बसल्या होत्या. पाव दुधात बुडवून खात होत्या. मी समोर बसलो आणि म्हणालो, "काल तुम्ही विचारलंत त्याला मी नाही म्हणालो. ते चूक आहे. कप्तानाने थांबायचा हुकूम दिला होता. चाक माझ्या हातात होतं, मी थांबवलं नाही."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "दिला होता हुकूम? नक्की?"

"मी स्वतः वहीत लिहिला. दहा-बावीस."

"किती वेळ होता तो हुकूम?"

"दोन मिनिटं."

त्यांनी पिशवीतून छोटी वही काढली, पेन काढलं, पेन चालेना म्हणून माझं मागितलं. "कप्तानाचं नाव सांगा," म्हणाल्या. मी सांगितलं. "आडनाव?" तेही सांगितलं. त्यांनी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली रेघ मारली. माझंही नाव लिहून घ्यायचं असेल असं वाटून मी ते सांगायला लागलो, तर म्हणाल्या, "ते नको."

मग पेन परत दिलं, काठी ओढली आणि दूध-पाव तसाच टाकून गेल्या. आता डेकवर बसल्या आहेत. मी दोनदा समोरून गेलो, त्यांनी पाहिलं नाही. शिंप्यालाही सांगितलं. त्याने बॅग भरून दाराशी नेऊन ठेवली आणि स्वतःही तिथेच बसला आहे. बंदराला अजून दोन तास आहेत.

सगळी पत्रं एका पाकिटात घालून धक्क्यावरच टाकतो. आधीच्या पत्रांतलं खोटं खोडलेलं नाही. खोडलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, की जहाजावर चढलो तेव्हाच मी सुधारलो होतो.

उत्तराची अपेक्षा नाही, असं लिहिणार होतो. पण ते खरं नाही.


१९ मार्च

भावजी,

पत्रं मिळाली. क्रमाने वाचली, दोनदा.

जहाज थांबलं नव्हतं हे मला वर्तमानपत्राच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. तुम्ही घरी येऊन सांगत होतात त्याच दिवशी कळलं. तासभर पाण्यात माणूस शोधणारा पाण्याबद्दल काहीतरी बोलतो. गार होतं, लाटा होत्या, तेल पसरलं होतं, काहीतरी. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. तरी मी पोरीला तेच सांगून वाढवलं, कारण तिला सांगायला माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी विचारलं ते एवढ्यासाठी, की खरं काय ते एकटीने धरून बसायचा मला कंटाळा आला होता. वाटलं होतं, आपण दोघांनी मिळून धरू.

चाकाचं मला माहीत नव्हतं.

पाकीट येऊन पाच दिवस झाले. राग अजून आलेला नाही. पण येईल, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, मला सगळं उशिरा कळतं आणि मग फार कळतं. आला की तो कुणावर तरी निघणार. घरात पोर आहे, जावई आहे, त्यांचा ह्यात काही दोष नाही. तेव्हा समोर तुम्हीच असलेले बरे.

रविवारी अकराला या. दारात उभं राहून बोलायचं नाही, आत येऊन बसायचं. राग पहिल्याच रविवारी येईल असं नाही, त्यामुळे दर रविवारी यावं लागेल.